पारस काकांची करंगळी

पत्रकात माणूस बसत नाही. पत्रकाला मागणी लागते, मुदत लागते, खाली संघटनेचं नाव लागतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून मी पत्रकं लिहिते आहे. पाण्याची, धुळीची, बंद पडलेल्या बसफेऱ्यांची. राग एका पानात मावला पाहिजे आणि रिक्षाची वाट पाहणाऱ्या माणसाला तो रिक्षा यायच्या आत कळला पाहिजे. हे मला जमतं. पारस काकांवर लिहायला बसलं की जमत नाही. त्यांची मागणी काय लिहू? या माणसानं कुणाकडं काही मागितलेलं मी पाहिलं नाही. एकदाच मागितलं, आणि तेही माझ्याकडं. ते सांगताना माझी आजही चिडचिड होते, हे आधीच सांगून ठेवते.

जालन्याच्या मोंढ्यात त्यांच्या घरची आडत आहे. सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे ढीग, हमालांचे आवाज, ट्रकांची धूळ. मारवाडी जैन घर, पण इतक्या पिढ्या जालन्यात गेल्या की राजस्थानातलं गाव आता फक्त लग्नाच्या पत्रिकेत उरलंय. काका थोरले. तरी गादीवर बसायचे धाकटे भाऊ मदनशेठ, आणि काका बसायचे मागच्या गोदामाशेजारच्या खोलीत, रिकाम्या पोत्यांच्या थप्प्यांमध्ये, गिटार घेऊन. तरुणपणी त्यांना धंदा शिकायला सिकंदराबादला मामांकडं पाठवलं होतं. तिथं शेजारी गिटार शिकवणारे एक म्हातारे मास्तर राहायचे. काका धंदा शिकलेच नाहीत. "माणूस पाठवला व्यापाराला आन् परत आला लाकडाची पेटी घेऊन," मदनशेठ प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे. गिऱ्हाईक हसायचं. पोत्यांच्या मागून काकाही हसायचे.

मी तिथं गेले ती स्वार्थानं. आम्ही पाण्यावर पथनाट्य बसवत होतो. माझा सहकारी अफसर डफ वाजवायचा, पण कॉलेजची पोरं थांबायला गिटार पाहिजे असं माझं मत होतं. अफसर म्हणाला, "मोंढ्यात एक शेठ हाय. वाजवतो भारी, पन फिल्मी बिलकुल न्हाई वाजवत." मी म्हटलं, फिल्मी नकोच आहे. चार कॉर्ड पाहिजेत.

"चार कॉर्ड शिकवा काका," मी गेल्या गेल्या म्हणाले. "पुढच्या आठवड्यात प्रयोग आहे."

"कशावर?"

"पाण्यावर."

"मंग गिटार कशाला? रिकामी घागर वाजवा. आवाजबी मोठा, मुद्दाबी कळतो."

अफसर मोठ्यानं हसला. (पुढं आम्ही घागरच वाजवली आणि प्रयोग चांगला झाला, हे मला मान्य करावं लागतं.) मी मात्र चिडून उभी राहिले. काकांनी एक जुनी लोखंडी पायली, पूर्वी धान्य मोजायची ती, जमिनीवर उपडी ठेवली. डावा पाय तिच्यावर घेतला, गिटार मांडीत धरली आणि काहीतरी हळू हळू छेडायला लागले. एक सूर, मग दुसरा, खाली अंगठ्याचा एखादा. मला वाटलं, तारा जुळवून राहिलेत. मी वाट पाहिली. थोड्या वेळानं त्यांनी तारांवर तळवा ठेवला.

"हं," मी म्हणाले. "आता वाजवा."

काकांनी अफसरकडं पाहिलं. अफसरनं छताच्या पत्र्याकडं पाहिलं.

"वाजवलं, बेटा," काका म्हणाले.

तो एक धडा होता. परदेशातल्या कुणा जुन्या मास्तरानं शिकाऊ पोरांसाठी लिहिलेला, दोनेक मिनिटांचा. गिटार शिकणारं कुठलंही पोर सुरुवातीच्या काही महिन्यांत तो वाजवतं आणि पुढं जातं. काका पुढं गेलेच नव्हते. म्हणजे गेले होते, बोटं धावतात तसलं अवघडही त्यांना येत होतं, पण दिवसाची सुरुवात आणि शेवट याच धड्यानं व्हायचा. "तुम्ही हे किती वर्षं वाजवताय?" मी विचारलं. "शिकलो तवापासून वाजवून राह्यलो. अजून बराबर येत न्हाई," ते म्हणाले.

हे ऐकून कुणाला भरून येत असेल. मला राग आला. ज्या शहरात नळ कधी येईल ते कुणालाच माहीत नसतं, कारखान्यांच्या धुरानं वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी बसते, तिथं एक धडधाकट, खाऊनपिऊन सुखी माणूस जन्मभर एकच बालवाडीतला धडा घोटत बसतो. हे त्यांना तोंडावर सांगायला मी पुढच्या रविवारी परत गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही. भांडायला म्हणून जायचे आणि येताना बोटांची टोकं दुखत असायची. मी त्यांची शिष्या होते असं म्हणवत नाही. त्या धड्याच्या तिसऱ्या ओळीपुढं मी कधीच गेले नाही.

तारा छेडायला त्यांच्या उजव्या हाताची नखं वाढवलेली असायची आणि ती ते बारीक पॉलिश पेपरनं घासायचे, सुतार लाकूड घासतो तसं, नाकापाशी धरून. मोंढ्यातले हमाल त्यावरून त्यांना बोलायचे. "शेठ, मेंदी लावू का?" काका हात पुढं करायचे. "लाव. पन डाव्या हाताला. उजवा कामाचा हाय."

खोलीत पंखा लावू द्यायचे नाहीत. मे महिन्यातही नाही. पंख्याची घरघर खालच्या तारेच्या सुराला खाते म्हणे. संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत, ते एकदा झालं की सकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही. त्यामुळं ऊन कलायला लागलं की शिकवणी संपली, मग तुम्ही सुराच्या मध्यात असा नाहीतर वादाच्या.

आणि हाडाची गोष्ट. गिटारच्या तारा जिथं टेकतात तिथं एक पांढरी पट्टी असते. चांगल्या गिटारला ती हाडाची असते. हे काकूंना बऱ्याच वर्षांनी कळलं. काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं घरात हाड ठेवून मी पूजेला बसले?" काकांनी त्याच दिवशी पट्टी काढली आणि जाड प्लास्टिक घासून नवीन बसवली. मी विचारलं, आवाजात फरक पडला का. "पडला. थोडा गेला," ते म्हणाले. "पन घरात शांतता आली. वाजवायला शांतता लागतेच." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आधी तर तारा जनावराच्या आतड्याच्या असायच्या. नायलॉन आलं म्हणून आमच्यासारख्याला हे वाजवता आलं."

शिकवताना फार बोलायचे नाहीत. मी तारा ओरबाडायला लागले की म्हणायचे, "तू सुरावर मोर्चा काढून राह्यली." मी बोट दाबून धरलं की म्हणायचे, "दाबायला कुणीबी दाबतं. उचलायचं कधी, ते ऐक." हे मला कळायचं नाही. सूर वाजला की वाजला, संपला की संपला, त्यात उचलण्याचं काय कौतुक.

एकदा मी सरळ विचारलं, "हे सगळं कुणासाठी, काका?"

"तुझं पत्रक कुणासाठी?"

"सगळ्यांसाठी."

"वाचतात सगळे?"

"नाही. भेळ बांधतात."

"मंग माझं बरं. ह्याच्यात भेळ बांधता येत न्हाई."

एका रविवारी त्यांनी मला टेबलावर तळहात पालथा टेकवायला सांगितला. मी टेकवला, सपाट. मग त्यांनी स्वतःचा डावा हात शेजारी ठेवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट टेबलाला लागतच नव्हतं. दोन्ही आत वळलेली, तंबूसारखी उभी. हात उलटा करून दाखवला तर तळव्याच्या कातडीखाली एक ताठ दोरी, बोटांकडं गेलेली.

"ही आखडून राह्यली," ते म्हणाले. "संभाजीनगरला डॉक्टरला दाखवलं. ऑपरेशन केलं तर बोटं सरळ होतील, पन पहिल्यासारखी चालतील का, ते तो सांगत न्हाई. न्हाई केलं तर मिटत जाणार."

मग गिटार घेऊन तिसरी ओळ दाखवली. तिथं करंगळीला गिटारच्या दांड्यावर एक घर पुढं जाऊन वरचा एक सूर धरायचा असतो, आणि तो धरलेला असताना बाकीच्या बोटांनी खाली चालत राहायचं असतं. करंगळी निघाली. थांबली. काकांनी मनगट थोडं पुढं ढकललं, खांदा खाली घेतला. करंगळी पोचली.

"आज पोचते," ते म्हणाले. "दिवाळीनंतर ऑपरेशन हाय."

मी तोंड उघडलं. त्यांनी बोलू दिलं नाही. तेव्हाच त्यांनी मागितलं ते मागितलं.

"बेटा, तुला माणसं जमवता येतात. मला थोडी माणसं पाहिजेत, गप बसणारी. सिकंदराबादला वाजवलं, एकदा पुण्यात वाजवलं. आपल्या गावात कधी कुणापुढं वाजवलंच न्हाई. हात हाय तवर एकदा वाजवतो."

"मी बोलणारी माणसं जमवते काका. गप बसणारी नाही."

"मंग बोलणारी आण. गप करायचं माझ्यावर सोड."

मी विचारलं, काय वाजवणार. ते म्हणाले, धडा. मी म्हटलं, अहो, एकदाच वाजवणार तर काहीतरी मोठं घ्या, लोकांना वाटेल शेठला एवढंच येतं. "एवढंच येतं," ते शांतपणे म्हणाले. अफसरनं जरा चाचरत विचारलं, "हात दुखतो म्हणून सोपं घेतलं का, काका?"

आयुष्यात एकदाच त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला, तो तेव्हा. "सोपं? मोठ्या वाजवण्यात चार सूर गेले तर गर्दीत खपून जातात. ह्याच्यात लपायला जागा न्हाई. एक गेला की सगळा गाव बघतो."

मी पत्रक लिहून नेलं. वर मोठ्या अक्षरात 'जालन्याच्या उपेक्षित कलावंताचा एल्गार'. खाली 'हात कायमचा निकामी होण्यापूर्वी'. काकांनी ते गव्हाच्या पोत्यावर ठेवलं आणि पेन्सिलीनं खोडायला सुरुवात केली. उपेक्षित गेलं. "मी कुठं उपेक्षित? दोन वेळचं जेवतो, भाऊ सांभाळतो." कलावंत गेलं. एल्गार गेला. हात निकामी होण्यापूर्वी, यावर पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला. "हात माझा हाय. त्याचं पत्रक नको." मी भांडले. माणसं यायला कारण लागतं, नुसतं एक माणूस दोन मिनिटं गिटार वाजवणार म्हणून कुणी उठून येत नाही. ते म्हणाले, "मंग नको येऊ दे." शेवटी कागदावर एवढंच उरलं: रविवारी संध्याकाळी पाच वाजता वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पारसमल एक छोटा धडा वाजवतील. मी आजही म्हणते की माझं पत्रक जास्त चांगलं होतं.

आता इथं एक घोळ झाला आणि तो आमच्याच गावात होऊ शकतो. पत्रक वाटणारी मी. माझ्या हातून लोक पाण्याचीच पत्रकं घेत आलेले. त्यामुळं कुणी वाचलं नाही. आमच्या भागातल्या शोभाताई, ज्यांच्या शब्दावर अख्खी गल्ली उठते, त्या गल्लीला घेऊन आल्या ते पाण्याची सभा आहे असं समजून. दोघी-तिघी तर रिकामे हंडे घेऊन आल्या, मागच्या मोर्चाला नेले होते ते. काही कॉलेजची पोरं, वाचनालयात रोज पेपर वाचणारे निवृत्त गुरुजी, आणि शेवटच्या खुर्चीवर साध्या कपड्यातला पोलीस, जो आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला असतो आणि ज्याला आम्ही आधी चहा देतो. मदनशेठ पहिल्या रांगेत बसले. भावाचं वाजवणं ऐकायला ते पहिल्यांदाच मुद्दाम आले होते आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"पंखा लावा की," शोभाताई म्हणाल्या.

"पंखा लावला की मी बंद," काका म्हणाले.

"माईक?"

"माईक न्हाई."

"मंग मागच्यांना कसं ऐकू जाणार?"

"मागचे गप बसले की जाईल."

लोक हसले. काकांनी पायली उपडी ठेवली, पाय घेतला, तारा जुळवल्या. आता मला जुळवणं आणि वाजवणं यातला फरक कळत होता. त्यांनी उजवा हात तारांवर आणला. हॉल खरंच गप झाला. आणि शोभाताईंचा फोन वाजला.

त्यांनी ऐकलं आणि उठून उभ्या राहिल्या. "काका, माफ करा. नळ आले."

ज्यांच्या घरी नळ दहा-दहा दिवस येत नाही त्यांनाच या दोन शब्दांचा अर्थ कळेल. कुणी कुणाकडं पाहिलं नाही. खुर्च्या सरकल्या, हंडे खणखणले, जिना दणदणला. गुरुजी गेले. पोरं गेली. पोलिसाचाही फोन वाजला, तो "हो हो, आलो" म्हणत माझ्यासमोरून उतरला. मिनिटभरात हॉल रिकामा.

मी दारात उभी. काय करणार होते? 'बसा' म्हणणार होते? याच पाण्यासाठी मी वर्षानुवर्षं कागद काळे केलेत. ते आलं होतं, आणि नेमकं या माणसाच्या संध्याकाळीच आलं होतं. व्हॉल्व्ह सोडणाऱ्यावर रागवावं, नगरपालिकेवर रागवावं, की स्वतःवर, हे मला ठरवता येईना. मी जिन्यात खाली गेले, परत वर आले, परत खाली गेले.

"बस, बेटा," काका म्हणाले. "भरून येऊ दे त्यांना."

"ते येणार नाहीत काका."

"तूच जमवले ना? मंग येतील."

मदनशेठ जागेवरून हलले नव्हते. त्यांच्या घरी बोअर आहे. दोघं भाऊ त्या रिकाम्या हॉलमध्ये समोरासमोर बसून राहिले. खिडकीतून ऊन आत येत होतं ते भिंतीवर वर वर चढत गेलं. मदनशेठ दोनदा घड्याळाकडं पाहून शेवटी म्हणाले, "भाऊ, दिवस मावळून राह्यला. घरी चल. जेवून घे."

"आज न्हाई."

"सकाळपर्यंत पाणीबी न्हाई मंग."

"माहीत हाय मला."

 मदनशेठनी घड्याळाकडं परत पाहिलं नाही. खिशातून रुमाल काढून तो मांडीवर पसरला, परत घडी घातली, आणि बसून राहिले. भाऊ उपाशी राहणार म्हटल्यावर तेही उठले नाहीत. ऊन भिंतीवरून गेलं.

मग जिन्यात चपला वाजल्या. शोभाताई आल्या, लुगड्याचा काठ पोटरीपर्यंत ओला. मागून बाकीच्या. सगळ्या नाही आल्या, पण पुष्कळ आल्या. ओल्या बाह्या, चिकटलेले केस, एकीच्या हाताला पाइपाचा काळा डाग. गुरुजी धापा टाकत आले. पोलीस आला, त्याच्या पँटीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले तसेच. कुणी बोललं नाही. बोलायला दम नव्हता. सगळे खुर्च्यांवर टेकले ते हात मांडीत सोडून. गप बसणारी माणसं मी जमवली नव्हती. नळानं जमवली.

आणि काकांनी वाजवलं.

ते कसं होतं ते सांगायचा प्रयत्न करते. वरती एक साधी चाल असते, कुणीही गुणगुणेल अशी. खाली अंगठा अधूनमधून एक जड सूर ठेवतो, घरातलं मोठं माणूस मध्येच एक शब्द बोलावं तसा. आणि दोन्हींच्या मध्ये बारीक सूर सतत चालत असतात. मी वाजवायचे तेव्हा तिन्ही एकाच गर्दीत यायचे. काकांच्या हातात ते तीन वेगळे होते. वरचा सूर ते धरून ठेवत होते, तो विझत चाललेला ऐकू येत होता, आणि तो पुरता विझायच्या आत, नेमक्या त्या क्षणी, पुढचा येत होता. कुठंही जोर नाही. कुठंही 'बघा' नाही. एका ठिकाणी त्यांनी बोट उचललं आणि सूर थांबला, आणि ते थांबणं मला ऐकू आलं. चालता चालता माणूस दारापाशी थबकतो तसं. उचलायचं कधी ते ऐक, असं ते इतके रविवार सांगत होते. मी सूर ऐकत होते. त्यांना सुरांमधली जागा ऐकू येत होती.

तिसरी ओळ आली. त्या हॉलमध्ये तिथं काय आहे हे फक्त मला, अफसरला आणि त्यांना माहीत होतं. अफसरनं माझं मनगट पकडलं. काकांचा खांदा खाली गेला, मनगट पुढं आलं, करंगळी निघाली. मला वाटलं, थांबली. नव्हती थांबली. पोचली, आणि वरचा तो सूर लागला, गोल, भरलेला, आणि त्याच्याखालून बाकीचे चालत राहिले, जसं काही घडलंच नाही. चौथी ओळ पहिल्या ओळीसारखीच असते, पण आता ती तशी ऐकू येत नव्हती. कुठून तरी लांब जाऊन परत आल्यासारखी होती. शेवटच्या सुरावर त्यांनी तळवा ठेवला नाही. आपोआप विझू दिला. कुठं संपला ते मला सांगता येणार नाही.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. संपलं की नाही हे कुणाला कळेना.

"झालं?" शोभाताईंनी विचारलं.

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

शोभाताईंनी ओला पदर पिळला. "मंग अजून एकदा करा की, काका. आत्ता कुठं ध्यानात येऊन राह्यलं व्हतं."

मला ओरडून सांगावंसं वाटलं की नको, पोचली ना एकदा, आता ठेवा खाली. मी काकांकडं पाहून मान हलवली. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. ते शोभाताईंकडं बघत होते, आणि इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. उभ्या जन्मात गावातल्या माणसानं त्यांना 'अजून एकदा' म्हटलं नव्हतं.

दुसऱ्यांदा वाजवलं ते आणखी सैल, आणखी जवळचं. तिसऱ्या ओळीत करंगळी निघाली, थांबली, आणि तो सूर लागला नाही. काका थांबले नाहीत. खालचे सूर चालत राहिले, वर मोकळी जागा राहिली, आणि ते शेवटापर्यंत गेले.

या वेळी टाळ्या पडल्या. गुरुजी उठून जवळ आले. "शेठ, ती जागा तुम्ही रिकामी सोडलीत ना दुसऱ्या वेळी, काय खुबी आहे. सूर वाजलाच नाही आणि ऐकू आला."

"सोडली न्हाई, गुरुजी," काका म्हणाले. "लागला न्हाई."

जिना उतरताना मदनशेठ त्यांच्या मागून चालत होते, गिटारची पेटी स्वतःच्या हातात घेऊन. "भाऊ," ते म्हणाले, "हे तर तू रोजच वाजवतो."

"हो."

"मी हिशेब करताना रोज ऐकतो. हे बंद झालं की जेवायला उठतो." मग ते म्हणाले, "मला वाटलं, आज काहीतरी दुसरं असंल."

 काका एक पायरी चुकले. भावानं त्यांचा दंड धरला.

ऑपरेशन झालं. बोटं सरळ झाली. हे मी लगेच लिहून टाकते, कारण यापुढं बातमी चांगली आहे की वाईट हे मला ठरवता येत नाही. तळहात टेबलाला सपाट लागायला लागला, पण आता करंगळी वळेना. डॉक्टरांनी मऊ चेंडू दाबायला दिला होता, तो ते दाबायचे. मी विचारलं, परत वाजवाल?

"तू परत पत्रक वाटशील?"

"वाटीन."

"पाणी तर वेळेवर यायला लागलं न्हाई."

"म्हणूनच वाटीन."

त्यांनी चेंडू दुसऱ्या हातात घेतला आणि मला चहा सांगितला. यातून त्यांनी मला उत्तर दिलं असं लोकांना वाटेल. मला तसं वाटत नाही. माझं काम संपत नाही याला जबाबदार माणसं आहेत, त्यांची नावं मला माहीत आहेत. काकांच्या करंगळीला जबाबदार कुणीच नाही. कुणाविरुद्ध पत्रक काढू? ही गोष्ट मला अजून सहन होत नाही.

आता मी परतूर तालुक्यात आष्टीच्या बाजूला काम करते. जालना सोडताना सामानाची रिक्षा मोंढ्यातून नेली. अफसर चालवत होता, बसची वेळ झाली होती. मी उतरून दुकानापर्यंत गेले. हरभऱ्याची आवक होती, आत पाय ठेवायला जागा नव्हती. मदनशेठ कुणावर तरी ओरडत होते. काका वजनाच्या काट्यापाशी उभे होते, एका भरलेल्या पोत्याला टेकून, पाठ माझ्याकडं. त्यांचा डावा हात पोत्याच्या काठावर होता. बोटं एकामागून एक खाली येत होती, उचलली जात होती, परत खाली येत होती. पहिलं, दुसरं, तिसरं. मग हात थांबला. करंगळी निघाली ती फार सावकाश, खांदा वाकवून, आणि टेकली तेव्हा, गिटारवर असती तर, बाकीची बोटं केव्हाच पुढं गेली असती. काकांनी हात उचलला आणि पहिल्या बोटापासून परत सुरू केलं. "शेठ, वजन सांगा की," समोरचा शेतकरी म्हणाला. त्यांनी त्याला थांब अशी उजव्या हातानं खूण केली. करंगळी परत उशिरा आली. त्यांनी परत सुरू केलं.

अफसरनं बाहेरून हॉर्न दिला, मग परत दिला. तिसऱ्यांदा काय झालं ते मला पाहता आलं नाही.